मुळशीची माडी

कोजागरी झाली की पुण्यातल्या माणसाला घरात बसवत नाही. पाऊस गेलेला असतो, डोंगर अजून हिरवे असतात आणि ऑक्टोबरचं ऊन दहा वाजेपर्यंत तरी सोसवतं. ह्या वर्षी माझ्या भाच्याने (थोरल्या भावाचा मुलगा, आमच्यातले बहुतेक वाचक त्याला ओळखतातच) फोन केला, "आत्या, रविवारी गाडी काढतोय. कुठे जायचं ते तू सांग." मी म्हटलं, मुळेच्या खोऱ्यात. पौड, मुळशी, जमलं तर एखादा सोपा गड, आणि मग ताम्हिणी घाटाने खाली कोकणात उतरून मुळेचं पाणी शेवटी कुठे जातं ते बघायचं. तो म्हणाला, "मुळेचं पाणी खडकवासल्यात जातं ना?" एवढा शिकलेला मुलगा! खडकवासला मुठेवर आहे रे बाबा. पुण्यात दोन नद्या आहेत आणि त्यांच्या संगमाला आपण संगम पूल म्हणतो, हे बत्तीस वर्षं वर्गात सांगून झालं आणि घरातच ही अवस्था!

असो. सकाळी सहाला निघालो. भाचा, भाचेसून, त्यांची नववीतली लेक आणि मी. चांदणी चौकातला जुना पूल २०२२ साली पाडला, तेव्हापासून मला तिथे दिशाच कळत नाहीत, पण भूगाव, पिरंगुट मागे पडलं की रस्ता ओळखीचा होतो. पौडला मिसळ खाल्ली. तालुक्याचं नाव मुळशी, पण कचेरी पौडला. गाडीत बसताना मुलीने हे विचारलं आणि माझी गोष्ट तिथूनच सुरू झाली.

मुळा नदी सह्याद्रीच्या माथ्यावर उगवते आणि पूर्वेला पुण्याकडे वाहते. पुण्यात तिला मुठा मिळते, पुढे भीमा, मग कृष्णा आणि शेवटी बंगालचा उपसागर. निसर्गाने नेमून दिलेली ही वाट. पण निळा आणि मुळा ह्यांच्या संगमाजवळ टाटांनी दीड किलोमीटर लांबीची दगडी भिंत बांधली, पाणी अडवलं आणि बोगद्यातून सह्याद्रीच्या पश्चिम कड्याखाली भिऱ्याला सोडलं. दीड हजार फुटांहून जास्त उंचीवरून पडणाऱ्या त्या पाण्यावर वीज करायची आणि ती मुंबईला न्यायची. बंगालच्या उपसागरात जाणारं पाणी अरबी समुद्रात! टाटांची ही तिसरी योजना. खोपोली १९१५ सालची, भिवपुरी १९२२ ची आणि भिरा १९२७ ची. मुंबईच्या गिरण्यांना कोळशापेक्षा ही वीज स्वस्त पडे आणि धूर नाही. योजना हुशारीचीच होती, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

माले गाव आलं की डावी-उजवीकडे झाडीतून पाणी दिसू लागतं. भिंतीजवळ जाऊ देत नाहीत, आणि ते ठीकच आहे. शरदात धरण काठोकाठ भरलेलं असतं. निळं, शांत, मधूनच एखादं बेट. भाचेसून म्हणाली, "स्वित्झर्लंडच की हो आत्या!" मी काही बोलले नाही. ते बेट म्हणजे एखाद्या गावामागच्या टेकडीचं डोकं आहे, हे माहीत असलं की स्वित्झर्लंड आठवत नाही.

आता इतिहास. आमच्या क्रमिक पुस्तकांत मुळशी सत्याग्रहाला कधी दोन ओळी असत, कधी त्याही नसत. असत तेव्हा त्या सेनापती बापटांच्या नावाने असत. मी स्वतः तेवढंच शिकले आणि तेवढंच शिकवलं. पुढे निवृत्तीनंतर वेळ मिळाला तेव्हा पुणे विद्यापीठातले राज्यशास्त्राचे प्राध्यापक राजेंद्र व्होरा ह्यांचं मुळशीवरचं लेखन वाचलं. त्यांचं इंग्रजी पुस्तक २००९ साली निघालं. जगातली पहिली धरणविरोधी चळवळ, असं त्याच्या नावातच म्हटलं आहे. ते वाचताना पहिल्यांदा लक्षात आलं की ह्या गोष्टीत आपणही आहोत. बापटांच्या बाजूला नाही. दुसऱ्या.

थोडं मागे जाते. हे खोरं भाताचं. आंबेमोहोराचं. पाऊस इतका की खाचरात पाणी मावत नाही, पण वर्षाला पीक एकच. वरकस जमिनीत नाचणी-वरई. असं शेत कसणारा मावळा दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडी बियाण्याला, लग्नकार्याला, बैलाला पैसे उसने काढणार, हे ठरलेलंच. देणारा पुण्याचा. जमीन गहाण पडे आणि मग हळूहळू सावकाराच्या नावावर होई. १८७५ साली पुणे-नगर भागात सावकारांविरुद्ध दंगे झाले, १८७९ साली सरकारने शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा केला, पण मुळशी पेट्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चित्र असं होतं की पुष्कळशा जमिनी पुण्यात राहणाऱ्यांच्या, आणि त्यांवर राबणारा जुना मालकच आता कूळ. कुळाची कागदावर कसली नोंद नाही. आपण ज्याला कूळकायदा म्हणतो तो १९४८ सालचा; १९३९ चा पहिला प्रयत्न धरला तरी मुळशीनंतरचाच. म्हणजे १९२१ साली कूळ हा कायद्याच्या नजरेत जवळजवळ कुणीच नव्हता.

टाटा पॉवर कंपनी १९१९ साली निघाली. पाठोपाठ कंपनीची माणसं पेट्यात आली, शेतांत न विचारता चर खणू लागली. कसणाऱ्याला आपली जमीन जाणार हे कळलं ते असं, स्वतःच्या खाचरात दुसऱ्याची कुदळ बघून. बावन्न गावांना झळ पोहोचणार होती, वस्ती अकरा हजारांच्या आसपास. जमिनी घेतल्या त्या १८९४ च्या भूसंपादन कायद्याने. हा कायदा खाजगी कंपनीसाठीही वापरता येत असे, लोकोपयोगी काम आहे असं सरकारने मानलं की झालं. मोबदला बाजारभावाने, वर सक्तीने घेतली म्हणून शेकडा पंधरा जास्त. मोबदला कुणाला? ज्याचं नाव लागलेलं त्याला. कसणाऱ्याला उभ्या पिकाची वगैरे काही भरपाई असे, पण पिढ्यान्‌पिढ्या कसल्याची किंमत कुठल्या कलमात नव्हती. दुसरीकडे जमीन, घर, गावठाण देण्याची तर गोष्टच नको. महाराष्ट्रात पुनर्वसनाचा पहिला कायदा यायला १९७६ साल उजाडलं.

विनायकराव भुस्कुटे गावोगाव फिरले, लोकांना जमवलं. त्यांनी हा इतिहास पुढे स्वतः लिहूनही ठेवला, म्हणून आपल्याला बरंच माहीत आहे. टिळक १ ऑगस्ट १९२० ला गेलेले, पुण्यातले त्यांचे अनुयायी नव्या कामाच्या शोधात. १६ एप्रिल १९२१, रामनवमी. सुमारे बाराशे मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा. काम थांबलं! सहा महिने काम बंद ठेवायचं कंपनीने कबूल केलं. गांधीजींनी त्याच महिन्यात 'यंग इंडिया'त सत्याग्रहींच्या बाजूने लिहिलं. 'काळ'कर्ते शिवरामपंत परांजपे ह्या लढ्यात तुरुंगात गेले. बायकाही गेल्या, आणि त्या काळी खेड्यातली बाई तुरुंगात जाणं म्हणजे काय, ते आज समजावून सांगता यायचं नाही.

डिसेंबर १९२१ मध्ये पुन्हा काम सुरू, पुन्हा सत्याग्रह. पण ह्या वेळी पुण्यातच दोन तट पडले. एकीकडे टाटा म्हणजे स्वदेशी उद्योगाचा अभिमान. आपल्या माणसाचा कारखाना आपणच कसा अडवायचा, असं विचारणारे पुष्कळ होते, आणि प्रश्न अगदीच पोकळ नव्हता. दुसरीकडे जमिनीचे कागदोपत्री मालक. सत्याग्रहाने धरण थांबलं तर त्यांना पूर्वीसारखा खंड मिळणार, आणि धरण झालं तर रोख रक्कम. खंड वसूल करायचा म्हणजे दर वर्षी चार दिवस घोड्यावर नाहीतर बैलगाडीने पेट्यात जायचं, कुळांची रडगाणी ऐकायची, अर्धं भात पाखडून आणायचं. रोख रक्कम एकदम. तुम्हीच सांगा, काय निवडलं असेल? ज्या वर्गातून पुढारी येत होते त्याच वर्गाने मोबदला घ्यायचं ठरवलं आणि लढ्यातला वारा गेला. पुढे फेब्रुवारी १९२२ मध्ये चौरीचौरा झालं, गांधीजींनी देशभरची चळवळच मागे घेतली. मावळे उरले आणि बापट उरले.

पांडुरंग महादेव बापट. पारनेरचे, जन्म १८८०. शिष्यवृत्तीवर एडिंबरोला गेलेले आणि पॅरिसमधून बॉम्बची कृती मिळवून आणलेले हे गृहस्थ. 'सेनापती' ही पदवी त्यांना मुळशीनेच दिली. सगळ्यांनी पाठ फिरवल्यावरही ते तिथून हलले नाहीत. डिसेंबर १९२४ मध्ये साथीदारांसह त्यांनी धरणाच्या कामावरच्या मजुरांची गाडी अडवली, ह्या वेळी हातात शस्त्रं होती. सात वर्षांची शिक्षा झाली. ते १९३१ ला सुटले तेव्हा भिऱ्याची वीज मुंबईत पोचून चार वर्षं झाली होती. मुंबईत त्यांच्या नावाचा रस्ता आहे, माहीमकडून दादरवरून लोअर परळकडे जाणारा. त्याच्या कडेला कमला मिल, फिनिक्स मिल. ज्या गिरण्यांसाठी मुळा अडवली, त्यांच्या दारातून हा रस्ता जातो. नाव देणाऱ्यांना हे जाणवलं होतं का, कोण जाणे! गिरण्याही आता नाहीत, मॉल आणि कचेऱ्या आहेत.

एवढं सांगेपर्यंत निवे आलं. तिथून उजवीकडे लोणावळ्याचा रस्ता फुटतो, धरणाला वळसा घालत जातो. पिंपरीपाशी कुंडलिकेच्या दरीवर थांबलो. गर्दी एवढी की दरीपेक्षा मोबाईल धरलेले हात जास्त दिसत होते. पुढे वडुस्त्याच्या बाजूला कैलासगडाची वाट रस्त्यालगतच चढते. गड छोटा. तरण्या माणसाला तास पुरे, आम्हाला दीडच्या वर लागला, कारण मी दर दहा मिनिटांनी फुलं बघायच्या निमित्ताने थांबत होते. (गुडघ्यांचं नाव काढायचं नाही, असं ठरलं होतं.) सोनकीने उतार पिवळे झालेले, तेरडा मात्र संपत आलेला. गवत कमरेएवढं आणि वाळायला लागलेलं, त्यामुळे पायाखालचा दगड दिसत नाही. काठी न्यावी. वर कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं आहे. माथ्यावर वारा होता आणि आमच्याशिवाय कुणी नव्हतं. उत्तरेला घनगड, तैलबैल्याच्या त्या दोन भिंती, आणि दक्षिणेला खाली सगळं पाणी. वरून ते तलावासारखं दिसतच नाही. झाडाच्या फांद्या दिसतात. प्रत्येक ओढ्यात, प्रत्येक घळीत पाणी बोटं घालून बसलेलं. जिथे जिथे भात होत होतं तिथे तिथे नेमकं पाणी आहे. खाचर आणि धरण, दोघांनाही सखल जागाच लागते.

डबे उघडले. भाजणीचे थालीपीठ, लोणी, लसणाची चटणी. मुलीने मघापासून मनात ठेवलेलं विचारलं, "आत्याआजी, बाबा म्हणतात आपली जमीन ह्या धरणात गेली. मग आपणही सत्याग्रह केला का?"

भाचा हसला. मी हसले नाही, कारण हाच प्रश्न मला स्वतःला साठी उलटल्यावर पडला होता आणि ती चौदाव्या वर्षी विचारत होती.

आता जे लिहिते ते नातेवाइकांनी शांतपणे वाचावं, ही विनंती.

आपल्या घरात दोन वाक्यं सगळ्यांनी ऐकलेली आहेत. 'मुळशीची जमीन धरणात गेली' आणि 'उरलेली कूळकायद्यात गेली'. दोन्ही सारख्याच सुरात सांगितली जात. मी लहान असताना मला वाटायचं, एखाद्या रात्री पूर आला असेल आणि आजोबा जमीन वाहून जाताना काठावरून बघत असतील. आणि त्याच घरात, पेठेतल्या जुन्या वाड्यात, वरच्या मजल्याला 'मुळशीची माडी' म्हणत! "मुळशीच्या माडीवर गाद्या घाला." "पोरं मुळशीच्या माडीवर अभ्यासाला बसलीत." मी जन्मले ती खालच्या बाळंतिणीच्या खोलीत, पण वाढले त्या माडीवर. सागवानी खांब, रस्त्याकडे तीन खिडक्या. हे नाव का, असं आम्ही कुणी विचारलं नाही. मुळशीच्या लाकडाची असेल, असा एक समज होता. १९८० नंतर वाडा पाडला, इमारत झाली, नावही गेलं.

वाडा पाडताना आजोबांच्या कीर्दी रद्दीत चालल्या होत्या, त्यांतल्या तीन मी उचलल्या. सगळ्या मोडीत. निवृत्तीनंतर मी मोडीच्या वर्गाला गेले ते मुख्यतः ह्याच लोभाने. माझं वाचन अजून अडखळत चालतं, पण एवढं लागलं. मुळशीच्या कुळांकडून खंडाचं भात येत असे, आंबेमोहोर वेगळा लिहिलेला, खंडी-मणाच्या हिशेबाने. कुळांची नावं नुसती एकेरी, बापाचं नाव नाही, आडनाव नाही. शके १८४३ च्या पौषातही भात जमा आहे. शके १८४३ चा पौष म्हणजे जानेवारी १९२२. म्हणजे त्या हिवाळ्यात पेट्यात दुसरा सत्याग्रह चालला होता, माणसं पकडली जात होती, आणि तरीही भात पुण्याला येऊन पोचलं होतं. कुणी झोडपलं ते, कुणी आणलं? घरातला पुरुष तुरुंगात असेल तर बाईने आणलं असेल. कीर्दीत ते लिहीत नाहीत. त्यानंतरच्या वहीत भात नाही. 'सरकारातून मुळशी जमिनीबद्दल' अशी जमा आहे आणि तिच्याखाली दोनच महिन्यांनी सागवान, चुना, सुतार, गवंडी. आकडा मी इथे लिहीत नाही. घरातल्या दोन ज्येष्ठांना दाखवून मग लिहीन.

माडी मुळशीच्या लाकडाची नव्हती.

आपल्यापैकी काहीजण म्हणतील, आजोबांनी काही बेकायदा केलं नाही. खरं आहे. दुसरं म्हणतील, आपण सावकार नव्हतो, आपली नुसती देवघेव होती. ह्यातला फरक माझ्या वडिलांनी मला एकदा समजावून सांगितला होता, तो मला तेव्हाही कळला नव्हता. आजोबा दुष्ट नव्हते. वाराने जेवणारे दोन विद्यार्थी आमच्याकडे असत आणि केसरी सबंध वाचल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नसे. बापटांचं नाव ते आदराने घेत असणार, अशी माझी खात्री आहे. म्हणूनच तर मला हे लिहावंसं वाटलं. सत्याग्रह मोडला तो पोलिसांनी किंवा टाटांनी एकट्याने मोडला नाही. तो आदराने केसरी वाचणाऱ्या, रीतसर पावतीवर सही करून रक्कम उचलणाऱ्या सज्जन माणसांनीही मोडला. आणि मग त्या माणसांच्या घरात 'जमीन गेली' अशी हळहळ तीन पिढ्या राहिली. गेली कुणाची? आपल्याला तिची किंमत मिळाली, वर शेकडा पंधरा.

मुलीला मी एवढं सगळं नाही सांगितलं. म्हटलं, "नाही गं. आपण पैसे घेतले. सत्याग्रह आपल्या कुळांनी केला." तिने थालीपिठाचा तुकडा मोडला आणि विचारलं, "मग ते कुठे गेले?" ह्याला काय उत्तर देणार! काही मुंबईला गेले, गिरण्यांत, गोदीत, हमालीला. काही पाणी चढेल तसे वर सरकले आणि वरकस उतारावर पुन्हा झोपड्या घातल्या.

उतरून आलो तेव्हा वस्तीतल्या एका पडवीत एक वृद्ध गृहस्थ बसले होते. ऐंशीच्या पुढचे. पाणी मागितलं, त्यांच्या सुनेने तांब्याभर दिलं. मी विचारलं, "बाबा, तुमचं मूळ गाव हेच?" त्यांनी काठीने पाण्याकडे दाखवलं. "त्ये काय तिथं. आज्याचं घर व्हतं. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की खाचराचं बांध दिसत्यात. आमी पोरं असताना बापानं दावलं व्हतं, ह्यो आपला बांध, त्यो चुलत्याचा." आज्याने सत्याग्रह केला का, म्हणून विचारलं. "केला म्हनत्यात. बसला व्हता. उठवला." बस, एवढंच. मग म्हणाले, "वीज हितनं ममईला गेली, आमच्याकडं दिवं लई मागनं आलं."

मी म्हटलं, "आमचीपण जमीन होती इथे. आमच्या आजोबांची." मला वाटतं, काहीतरी सांगून टाकायचं होतं. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. चष्म्यापासून चपलेपर्यंत. मग अगदी सहज, कुठलाही राग नाही, म्हणाले, "व्हय का? मंग तुमास्नी पैकं मिळालं आसतील." आणि सुनेला हाक मारून आमच्यासाठी दोन काकड्या आणायला सांगितल्या. पैसे देऊ केले तर घेतले नाहीत. भाचा गाडीत बसल्यावर बराच वेळ गप्प होता.

ताम्हिणी घाट दुपारच्या उन्हात उतरलो. धबधबे सगळे बारीक झालेले, झाडी मात्र दाट. विळ्याहून आत वळलं की भिरा. वीजघराच्या आवारात अर्थातच जाता येत नाही, पण डोंगरावरून उतरणारे नळ लांबूनही दिसतात, आणि त्यांच्या उताराकडे पाहिलं की पोटात गोळा येतो. एवढ्यासाठी सगळं! आणि हेही सांगितलं पाहिजे की मी त्या योजनेवर आजही रागावू शकत नाही. शंभराच्या घरात पोचलेली ही वीज ना कोळसा मागते ना धूर सोडते. धरण नकोच होतं, असं मला म्हणायचं नाही. ज्याचं गाव बुडवलं त्याला विचारायला, दुसरीकडे जमीन द्यायला काय हरकत होती, एवढाच प्रश्न. टाटांना तो विचारला गेला, सरकारला विचारला गेला. पुण्याच्या पेठांना फारसा कुणी विचारला नाही.

वीज करून झालेलं पाणी कुंडलिकेत सोडतात. ती कोलाड, रोह्यावरून रेवदंड्याला समुद्राला मिळते. आम्ही रवाळज्याच्या पुलावर थांबलो तेव्हा चार वाजले होते. पात्रात ओले दगड आणि मधून एक शहाणासुरता प्रवाह. काठावर रबरी होड्या उलट्या करून ठेवलेल्या. टपरीवरचा मुलगा म्हणाला, "सकाळी यायचं ना मावशी! सकाळी वरून पाणी सुटतं तेव्हा काय जोर असतो. होड्या तेव्हाच चालतात. आता उतरलं." मी त्याला विचारलं, वरून म्हणजे कुठून? तो म्हणाला, "पावरहौसमधून." त्याच्या आधी कुठून, हे मात्र त्याला ठाऊक नव्हतं, आणि माहीत असायचं कारणही नाही. पुण्यात पाणीटंचाईची ओरड झाली की मुळशीचं पाणी पुन्हा पूर्वेला आणा, अशी मागणी दर काही वर्षांनी उठते. ती मागणी करणाऱ्यांत आपणही असतो. पाणी आपल्याला हवंच असतं, एकदा वीज म्हणून, एकदा नळाला.

परतताना पौडला अंधार झाला. दहा किलो आंबेमोहोर घेतला. नवा यायला अजून अवकाश आहे, हा जुना आहे असं दुकानदाराने स्वतःहून सांगितलं.

आता कामाचं. आपल्या घराण्यातल्या कुणाकडे मुळशीच्या जमिनीच्या नोटिसा, मोबदल्याच्या पावत्या, खंडाच्या चिठ्ठ्या असतील (सांगलीच्या शाखेकडे एक पत्र्याची पेटी गेली होती, हे मला पक्कं आठवतं) तर फेकू नका, फोटो काढून पाठवा. मोडीत असल्या तरी चालतील. मला त्यांतली कुळांची नावं हवी आहेत. माझ्या तीन वह्यांतून अकरा लागली आहेत, दोन पुसट आहेत. वडुस्त्याच्या त्या बाबांना मी त्यांच्या आज्याचं नाव विचारून घेतलं आहे. माझ्या यादीत ते अजून सापडलेलं नाही.